‘हे माझं नाही’ म्हटल्यावर

बाबा आमटे यांच्या आनंदवनात भाजी पिकू लागली तेव्हा ती विकायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला. वरोरा हाकेच्या अंतरावर होतं, तिथे बाजारही भरायचा. पण कुष्ठरोग्यांनी लावलेली, झडक्या बोटांनी खुडलेली भाजी घरी न्यायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. झुडपी, दगडाळ जमीन फोडून आणि विहीर खणून काढलेलं ते पीक होतं. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे पन्नासेक तरुण तिथे मुक्कामाला आले. ते दवाखान्याच्या इमारती बांधू लागले आणि आनंदवनातलंच अन्न जेवू लागले. परदेशी पोरं हे खातात आणि त्यांना काही होत नाही, हे बघितल्यावर वरोऱ्यातल्या पिशव्या हळूहळू पुढे आल्या.

ही हकिकत बहुतेकदा समाजाच्या अडाणी भीतीचा दाखला म्हणून सांगतात. मला तिच्यात आणखी काही दिसतं. कुष्ठरोग्याला देणारे त्या काळीही होते. कोणी दुरून भाकरी टाकायचं, कोणी पैसा फेकायचं. त्याच्या हातून घेणारं मात्र कोणी नव्हतं. घेणारा नसला की माणसाला टाकून देता येतं, सोडून देता येतं, पण देता येत नाही. मराठीचा खोडसाळपणा असा की या दोन्ही क्रियापदांच्या शेपटीलाही तिने ‘देणे’च लावून ठेवलंय.

दान आणि त्याग हे शब्द आपण जोडीने वापरतो. सत्काराच्या भाषणात तर ते सख्ख्या भावंडांसारखे येतात. पण वाक्यात बसवून पाहिले की दोघांचं घराणं वेगळं असल्याचं लगेच कळतं. ‘मी त्याला बैल दिला’ या वाक्यात ‘त्याला’ नसेल तर ऐकणारा विचारणारच, कोणाला? ‘मी घराचा त्याग केला’ म्हटल्यावर कोणाला, असं कोणी विचारत नाही. देण्याला ‘ला’ लागतो, त्यागाला ‘चा’ पुरतो. ज्याला द्यायचं त्याच्यासाठी संस्कृत व्याकरणात एक स्वतंत्र कारकच आहे, संप्रदान. शाळेत चतुर्थी विभक्ती शिकवताना हे नाव कानावरून गेलेलं असतं.

या संप्रदानावरून जुन्या वैयाकरणांमध्ये एक मजेदार वाद आहे. धोब्याला कपडे दिले, हे देणं झालं का? एका पक्षाचं म्हणणं, नाही. कपडे धुऊन परत येणार, ते धोब्याचे कधी झालेच नाहीत, मग तिथे चतुर्थी कशाला? षष्ठी वापरा. दुसरा पक्ष जरा मोकळा. त्याच्या मते गुरुजींनी पोराला थप्पड दिली तरी ते देणंच, आणि थप्पड काही पोराच्या मालकीची होत नाही. वाद कोणी जिंकला हे इथे महत्त्वाचं नाही. पण देण्याची कसोटी मालकीपाशी येऊन थांबते हे शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांना स्पष्ट दिसलं होतं.

आता तिसरा शब्द घ्या, बळी. ‘देवीला बकऱ्याचा बळी दिला.’ इथे ‘ला’ही आहे आणि ‘चा’ही. देणारा आहे, घेणारी आहे, आणि षष्ठीत उभा असलेला बकरा आहे. त्याचं मत विचारण्याची सोय या वाक्यात नाही. पुढे बकऱ्याचं प्रकरण परत येणारच आहे.

चंद्रपूरकडच्या घरांत वास्तुशांतीला होम होतो तेव्हा भटजी प्रत्येक आहुतीबरोबर यजमानाकडून एक छोटं संस्कृत वाक्य म्हणवून घेतात. हे अग्नीचं आहे, हे माझं नाही, असा त्याचा अर्थ. लहानपणी मला वाटायचं, तूप तर आपणच आणलंय, मग माझं नाही कसं? या साध्या शंकेवर मीमांसकांनी, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, भरपूर डोकं चालवलेलं आहे. जैमिनीच्या सूत्रांवर शबरस्वामींचं भाष्य आहे. त्या परंपरेने याग, होम आणि दान या तीन क्रिया काटेकोरपणे वेगळ्या केल्या. देवतेला उद्देशून एखाद्या वस्तूवरचा आपला हक्क सोडणं हा याग. सोडलेली ती वस्तू अग्नीत टाकली की होम. आणि आपला हक्क संपवून त्या जागी दुसऱ्याचा हक्क उभा केला की दान.

म्हणजे दानाला दोन टोकं आहेत. ‘हे माझं नाही’ आणि ‘हे आता तुझं’. त्यागाला पहिलं टोक पुरतं. मग यज्ञात दुसरं टोक का नाही, वस्तू देवाची होत नाही का? इथे मीमांसक भलतेच रोखठोक आहेत. त्यांच्या मते देवतेला शरीर नाही, ती जेवत नाही, तिच्या नावावर मालमत्ता नसते. मंत्रात उच्चारायचं नाव एवढंच तिचं काम. वेद प्रमाण मानणाऱ्या लोकांनी इतक्या थंडपणे हे लिहून ठेवावं याची मला अजून गंमत वाटते. तूप यजमानाचं राहिलं नाही आणि दुसऱ्या कोणाचंही झालं नाही, म्हणून तो त्याग.

हा किस पुस्तकातच राहिला नाही. दान पुरं व्हायला घेणाऱ्याचा स्वीकार लागतो की देणाऱ्याचा संकल्प पुरेसा, यावर मिताक्षरा आणि दायभाग या धर्मशास्त्राच्या दोन शाखांची मतं वेगळी पडली. आपल्याकडे चालणारी मिताक्षरा स्वीकार हवाच म्हणते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १२२ वं कलम तेच सांगतं. बक्षीसपत्र केलं, पण घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत ते स्वीकारलं नाही, तर बक्षीस झालंच नाही. तहसील कार्यालयाबाहेर बसलेला अर्जनवीसही हे तुम्हाला सांगेल. त्यागाला अशी स्वीकाराची अट नाही. कोण स्वीकारणार?

मराठीने मात्र या नीटनेटक्या विभागणीत मजा करून ठेवली आहे. ‘त्या पैशांवर मी पाणी सोडलं’ असं आपण सहज म्हणतो. पैसे गेले, आशा सोडली, असा अर्थ. हे पाणी मुळात दानाचं. दान देताना हातावर पाणी सोडायचं, तेव्हा ते पक्कं व्हायचं. वामनाने बळीराजाकडे तीन पावलं जमीन मागितली तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले ते याचसाठी. पाणी पडलं नाही तर दान होणार नव्हतं. घरादारावर तुळशीपत्र ठेवणं हेही दानाच्या विधीतलंच, आणि आज त्याचा अर्थही सर्वस्व सोडणं असाच होतो. पाणी सोडताना समोर घेणारा असायचा. वाक्प्रचारात तो गळाला आणि नुसतं सोडणं उरलं.

उलट ‘देणं’ हे नाम बघा. ‘माझं त्याचं काही देणं नाही’ म्हणजे मी त्याचा कर्जदार नाही. देणेकरी, देणंघेणं, समाजाचं देणं. देण्याच्या पोटात परतफेड बसलेली आहे हे मराठी माणसाला शब्दातूनच कळतं. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये भेटवस्तूवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यात त्याने जगभरचे दाखले गोळा करून दाखवलं की भेट कधीच फुकट नसते. देण्याचं बंधन, घेण्याचं बंधन आणि परत करण्याचं बंधन अशी तिची तिहेरी गाठ असते. लग्नातली आहेराची वही सांभाळणाऱ्या आपल्या मावश्यांना हे नवीन वाटलं नसतं. याच मॉसने त्याआधी पाव शतक, १८९९ मध्ये, आंरी युबेर या मित्राबरोबर यज्ञबळीवर निबंध लिहिला होता आणि त्यात वैदिक यज्ञाचा भरपूर आधार घेतला होता.

परत वरोऱ्याकडे येतो. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा, वकील होते. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी डोक्यावरून मैला वाहण्याचं काम काही महिने केलं. त्या काळात एका पावसाळी रात्री गटाराकडेला पडलेला शेवटच्या अवस्थेतला कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. ते पळणं त्यांनी स्वतःच पुढे पुन्हा पुन्हा सांगितलं. मग कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेताना त्यांनी आपल्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले. हे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, माणसाच्या शरीरात वाढवता आले तर लसीचा मार्ग सापडेल, असा विचार त्यामागे होता. जंतू रुजले नाहीत, प्रयोग फसला.

हे काय होतं? रक्तदानात रक्त कोणाच्या तरी शिरेत जातं. इथे कोणालाच काही मिळालं नाही. शरीर पणाला लावलं, आणि हाती आलं ते एक नकारार्थी उत्तर. मीमांसकांच्या मापाने हा शुद्ध त्याग. पण लोक बाबांना आठवतात ते या टोचणीसाठी नाही, त्या भाजीसाठी. आणि मला वाटतं, लोकांचं बरोबर आहे. आनंदवनाचं खरं काम घेणाऱ्यांना देणारे बनवण्याचं होतं. १९६० च्या दशकात आनंदवनाच्या जमिनीवर आनंदनिकेतन महाविद्यालय उभं राहिलं ते वरोऱ्याच्या आणि आसपासच्या गावांच्या धडधाकट पोरांसाठी. ज्यांची भाजी गावाला चालत नव्हती त्यांच्या श्रमावर गावाची मुलं शिकू लागली. गावानेही ते घेतलं. आनंदवनाच्या इतिहासात मला ही सगळ्यात मोठी घटना वाटते, मॅगसेसे आणि टेम्पलटन पुरस्कारांहून मोठी.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. साधनाताई आमट्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘समिधा’, आणि बाबांच्या गाजलेल्या पुस्तकाचं ‘ज्वाला आणि फुले’. एकाच घरात होमाची सगळी सामग्री. पण समिधा म्हणजे नेमकं काय? ती अग्नीला द्यायची मुख्य आहुती नाही, यजमानही नाही. तिच्यामुळे आग धरते, एवढंच. ताईंनी हा शब्द निवडला त्यात मला नम्रता दिसते आणि किंचित बोचराही भाव दिसतो. आपल्याकडे बायकांना ‘त्यागमूर्ती’ म्हणायची फार हौस. मूर्ती म्हटलं की तिला काय हवं होतं, तिने काय ठरवलं, हे विचारायची गरज संपते. हार घालून मोकळं व्हायचं. समिधेला निदान चटका बसतो.

आनंदवनाचं उद्घाटन विनोबा भावे यांच्या हस्ते झालं, १९५१ च्या जूनमध्ये. तेलंगणाची पदयात्रा आटोपून ते पवनारला परतत होते. दोनच महिन्यांपूर्वी, १८ एप्रिलला, पोचमपल्लीच्या सभेत भूमिहीनांनी जमीन मागितली होती आणि रामचंद्र रेड्डींनी उभं राहून शंभर एकर देऊ केली होती. भूदान तिथे सुरू झालं. विनोबांना ‘दान’ शब्दाला चिकटलेली भिकेची धूळ झटकायची होती. ते आद्य शंकराचार्यांचा आधार घेत. गीताभाष्यात आचार्यांनी दानाचा अर्थ आपल्या शक्तीप्रमाणे केलेली वाटणी असा लावला आहे. वाटणी म्हटलं की समोरचा याचक राहत नाही, हिस्सेदार होतो. म्हणून विनोबा जमीनदाराला म्हणत की तुमच्या घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा.

भूदानाचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. लाखो एकर कागदावर मिळाले, त्यातले बरेच खडकाळ, वादातले किंवा दात्याच्या नावावरच नसलेले निघाले. आपला हक्क जिथे नव्हताच तिथे तो सोडण्याची उदारता अनेकांनी दाखवली. शबरस्वामींना हसू आलं असतं. पण भूदानातून जे ग्रामदान निघालं, त्याची मेख वेगळी आहे. आणि ती बघायची तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गोंड गावात जावं लागतं.

मेंढा हे शंभरेक घरांचं गाव. १९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम या धरणांची आखणी झाली तेव्हा दक्षिण गडचिरोलीतलं मोठं जंगल आणि कितीतरी गावं बुडणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज होते. धरणं थांबली. त्या आंदोलनातून घरी परतलेल्या माणसांमध्ये मेंढ्याचे देवाजी तोफा होते. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्यासोबत बसू लागले. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. गावाने अभ्यासगट काढले आणि बहुमताने काही ठरवायचं नाही, सर्वांचं एकमत होईल तेव्हाच ठरवायचं, असा नेम केला. दिल्लीमुंबईत आमचं सरकार आणि गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आता महाराष्ट्रभर पोचली आहे.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांतलं ते एक. त्यानंतरही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. स्वतःचा बांबू तोडता येईल पण नेता येणार नाही, असला प्रकार. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक देवाजींच्या हाती ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी एकच: सरकारने मेंढ्याला हक्क दिले. वर्तमानपत्रं अजूनही ‘वनपट्टे वाटप’ असंच छापतात, जणू दिवाळीची साखर वाटली. पण २००६ च्या या कायद्याचं नाव बघा, त्यात ‘वनहक्क मान्यता’ असा शब्द आहे. हक्क आधीपासून होता, तो मान्य केला. इथे देणारा कोणी नाही. व्याकरणाच्या वादातल्या धोब्याने कपडे परत केले, फक्त बऱ्याच वर्षांनी.

जंगल गावाचं झालं. शेतं मात्र ज्याची त्याची होती. २०१३ मध्ये मेंढ्याने ठरवलं की शेतजमिनीचंही ग्रामदान करायचं. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा. विनोबांच्या चळवळीच्या भरात झालेला आणि पुढे फायलींत धूळ खात पडलेला. गावाने तो शोधून काढला. त्यात होतं असं: शेतकरी आपल्या जमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे करतो. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढला जातो. उरलेली जमीन तोच कसतो, पीक त्याचं, पुढे मुलाबाळांकडेही ती जाते. पण बाहेरच्या माणसाला विकता येत नाही, सावकाराकडे टाकता येत नाही. ग्रामदानाच्या मूळ कल्पनेत पिकातला चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात घालायचा, जुन्या मापात मणामागे शेर.

आता मीमांसकांची फूटपट्टी लावू. शेतकऱ्याचा हक्क संपला का? मालकीचा संपला. दुसऱ्याचा उभा राहिला का? ग्रामसभेचा राहिला. म्हणजे दानाची दोन्ही टोकं जुळली. पण ग्रामसभा म्हणजे कोण? तोच शेतकरी, त्याची बायको, शेजारी, आणि काल ज्याच्याकडे वीतभर जमीन नव्हती तो भूमिहीन, सगळे मिळून. देणारा घेणाऱ्यांच्या रांगेतही बसलेला. स्वीकारही त्यानेच हात वर करून केला. मग त्याने गमावलं काय? विकण्याचा अधिकार गमावला. एरवी एका खराब हंगामाने, एका आजारपणाने, एका लग्नाने जमीन हातची जाते. ती वाट त्याने स्वतःच बुजवली. त्याग असेलच तर तो तेवढाच, आणि तो जमिनीचा नाही, पर्यायाचा आहे. पण जमीन हीच ज्याची बँक आहे अशा माणसासाठी तो लहान नव्हे. एकमताचा नेम असल्यामुळे एकाही घराला मागे ठेवून निर्णय करता येत नव्हता. बोलणी लांबली, शंका निघाल्या, पुन्हा बसले. गावाचा निर्णय झाल्यावर सरकारदरबारी तो कायद्याप्रमाणे उतरवून घ्यायला आणखी वर्षं गेली. झारीच्या तोटीत कोण बसलंय ते पाहण्यातच.

मेंढ्याची गोष्ट सांगताना पाहुणे वक्ते ‘गावकऱ्यांचा महान त्याग’ असं म्हणतात, तेव्हा मला अडखळायला होतं. त्याग म्हटला की तो थोर माणसांचा, आपण टाळ्या वाजवायच्या. वाटणी म्हटलं तर ती उद्या आपल्या गावातही करावी लागेल.

आता तो बकरा.

गोंड आणि माडिया गावांत पेनासमोर, म्हणजे देवासमोर, कोंबडं-बकरं पडतं. नवीन आंबा किंवा नवीन धान्य घरात शिजण्याआधी पंडुम होतो, पहिला घास देवाचा. शहरी माणसाला बळी म्हटलं की फक्त सुरी दिसते. पण त्यानंतर मांस शिजतं आणि वाट्यांनी सगळ्या गावात फिरतं. सुरुवात त्यागाने होते, शेवट वाटपाने. शंकराचार्यांची वाटणी आणि माडियाची वाटणी एका पंगतीला बसवल्याबद्दल दोन्हीकडचे जाणकार माझ्यावर रागावतील, पण मला ती एका पंगतीची वाटते.

‘बळी’ शब्दाचा प्रवास मोठा आहे. वेदांत बलि म्हणजे राजाला द्यायचा कर, नंतर भुतांना-देवांना ठेवायचा घास, मग मारलेलं जनावर, आणि आज वर्तमानपत्रात, अपघातात दोघांचा बळी. दान देतात, त्याग करतात, बळी मात्र जातो. कोणी तरी घेतो. मोहफुलं वेचायच्या आणि तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत, उन्हाळ्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या बातम्यांत हा शब्द सारखा येतो. वाघाच्या हल्ल्यात महिलेचा बळी. सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी या तालुक्यांची नावं फक्त बदलत राहतात. ती बाई पहाटे उठून घराच्या मीठमिरचीसाठी जंगलात गेली होती. तिने कशाचाही त्याग केला नव्हता, कोणाला काही दिलं नव्हतं.

त्याग आणि बळी यांत फरक करायला एकच प्रश्न पुरतो: ठरवलं कोणी? बाबूराव शेडमाके मोलमपल्लीचे गोंड जमीनदार होते. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढले, पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेले. आपण त्यांना हुतात्मा म्हणतो. हुत म्हणजे होमात टाकलेलं, होमाचाच धातू. फास इंग्रजांनी आवळला, तरी शब्द असं म्हणतो की आहुती त्यांनीच दिली, कारण लढायचं त्यांनी ठरवलं होतं आणि त्याची किंमत त्यांना ठाऊक होती. चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीला बळी पडलेल्या बालाजी रायपूरकरलाही आपण हेच नाव देतो. तो तर शाळकरी वयाचा पोरगा होता.

हाच प्रश्न धरणांपाशी विचारा. विकासासाठी कोणाला तरी त्याग करावा लागतो, असं मोठ्या प्रकल्पांच्या वेळी नेहमी सांगतात. वाक्य नीट ऐका. त्याग ‘करावा लागतो’, आणि ‘कोणाला तरी’. हा ‘कोणाला तरी’ कधी वक्ता नसतो. ज्याने स्वतः ठरवलं नाही त्याच्या बाबतीत मराठीत त्याग हा शब्दच बसत नाही. तिथे षष्ठीतला बकरा बसतो. इंचमपल्लीच्या लढ्यात लोकांनी स्वतःला त्या षष्ठीतून बाहेर काढलं, बाकी काही नाही.

ताडोबाचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे कागदावर शब्द ‘स्वेच्छेने’ आहे. महाराष्ट्रातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, ११६.५५ चौरस किलोमीटर. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला, ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याच्या पोटात गावं होती: बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी. २००६ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीने सांगितलं की अशा गावांना हलवायचं तर त्यांच्या इच्छेनेच, ग्रामसभेच्या संमतीनेच. २००८ पासून एका कुटुंबामागे दहा लाख रुपयांचा मोबदला ठरला. एकतर रोख घ्या, नाहीतर सरकार शेती-घरासह वसवून देईल. पुढे रक्कम पंधरा लाख झाली. बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग मूलजवळच्या भगवानपूरला गेला, मग एकेक करून आणखी गावं निघाली.

हे कोणत्या खणात ठेवायचं? मोबदला घेतला म्हणजे दान नाही. संमती दिली म्हणजे बळी नाही. व्यवहार म्हणावा, तर आजोबांनी लावलेल्या मोहाची किंमत कुठल्या तक्त्यात बसत नाही. रस्ता नाही, दवाखाना लांब, रानडुकरं पीक खातात, संध्याकाळी वाघामुळे दार लावून बसायचं. अशा गावात राहणाऱ्या तरुणाला बाहेर पडायची खरोखर इच्छा असू शकते, आणि होती, हे नाकारणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींशी किंवा शहरी क्रांतिकारकांशी माझं जमत नाही. पण त्याच गावात रस्ता पोचला असता, दवाखाना असता, तर इच्छा तीच राहिली असती का? संमती विचारताना समोर दुसरा पर्याय किती धडका ठेवला होता, यावर ‘स्वेच्छा’ या शब्दाचं वजन ठरतं. मेंढ्याने ग्रामदान केलं तेव्हा न करण्याचा पर्याय पूर्ण शाबूत होता. जंगलातल्या गावांपुढे तो तेवढा होता का, हे प्रत्येक गावाला वेगळं विचारावं लागेल.

ताडोबाच्या तळ्याकाठी एका मोठ्या झाडाखाली तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव, अशी कथा आहे. पौषात आदिवासींची तिथे जत्रा भरते. वाघाने घेतलेला बळी, आणि त्या बळीसमोर नारळ.

उठवलेल्या गावांच्या जागी आता कुरणं आहेत. शेताच्या बांधांवर गवत वाढलं, चितळांचे कळप आले, त्यांच्यामागे वाघ आले. व्याघ्र प्रकल्पाच्या दृष्टीने हे यश आहे, आणि खरंच आहे. गावं गेली तरी नावं मात्र तिथेच राहिली. पहाटे मोहर्ली गेटमधून जिप्सी आत शिरते, समोरून येणारी दुसरी जिप्सी थांबते. आपला गाइड मान बाहेर काढून विचारतो, “जामणीत कोण आहे?”

“वाघीण. पिल्लांसोबत,” समोरचा सांगतो, आणि गाडी तिकडे वळते.